हवाई दलाचं १०६ टेहळणी स्क्वाड्रन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात मी भूगोल शिकवतो आणि संध्याकाळी वाचनालयातली अभ्यासिका सांभाळतो. भरतीची तयारी करणारी मुलं, सुट्टीवर आलेले जवान आणि धानाच्या बांधीवरून थेट येऊन बसणारे काही शेतकरी हवाई छायाचित्रांबद्दल आणि ती काढणाऱ्या वैमानिकांबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. एक उत्तर दुसऱ्यात आलं असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, टेहळणी स्क्वाड्रन म्हणजे काय? लढाऊ स्क्वाड्रनसारखंच असतं का?

स्क्वाड्रन ही हवाई दलाची मूळ तुकडी: ठरावीक विमानं, ती उडवणारे, ती दुरुस्त करणारे आणि एक कमांडिंग ऑफिसर. लढाऊ स्क्वाड्रनचं काम शत्रूचं विमान पाडणं किंवा जमिनीवर मारा करणं. टेहळणी स्क्वाड्रनचं काम शत्रूच्या मुलखावरून जाऊन फोटो आणणं. धावपट्टीवर किती विमानं उभी आहेत, नदीवर नवा पूल झाला का, कालच्या माऱ्यात खरंच काय मोडलं, हे सेनापतीला या फोटोंवरून कळतं. विमान परत आलं तरच काम झालं म्हणायचं, कारण फिल्म विमानाच्या पोटात असते. म्हणून या वैमानिकाला शत्रू समोर दिसला तरी झुंज घ्यायची नसते. सरळ घर गाठायचं असतं.

२. आपल्याकडे हे काम कधीपासून चालतं?

स्वातंत्र्याच्या आधीपासून. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाची हरिकेन विमानं झाडीवरून खाली उतरून जपानी फौजांच्या हालचाली टिपत होती. मेहर सिंग यांच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला तर (ब्रिटिशांच्या) 'चौदाव्या सैन्याचे डोळे' म्हणत. इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांचं १ क्रमांकाचं स्क्वाड्रनही अशाच कामावर होतं. पुढे हवाई दलाचे मार्शल झाले ते हेच अर्जन सिंग. स्वातंत्र्यानंतर स्पिटफायरच्या फोटो काढणाऱ्या प्रकारावर हे काम चालू राहिलं. खूप उंचावरून, खूप आत जाऊन फोटो आणण्याची ताकद मात्र आली ती कॅनबेरा विमानाबरोबर.

३. १०६ स्क्वाड्रनचं ठाणं कुठे होतं आणि विमान कोणतं?

ठाणं आग्र्याला, विमान कॅनबेरा पीआर-५७. भारताने १९५७ मध्ये ब्रिटनकडून कॅनबेरा घ्यायचं ठरवलं. त्यातली बहुतेक बॉम्बफेकी होती. फोटोसाठीची पीआर-५७ पहिल्या मागणीत फक्त आठ होती. दोन रोल्स-रॉईस एव्हॉन इंजिनं, दोघांचा चमू, आणि ४८ हजार फुटांच्या आसपास चढण्याची क्षमता. वैमानिक वर बसायचा. नेव्हिगेटरला फोटो काढताना पुढच्या नाकाडात पालथं पडून खाली बघत दिशा सांगावी लागायची. बॉम्बच्या जागी कॅमेरे आणि जास्तीचं इंधन. हे विमान आपल्या हवाई दलात ५० वर्षं राहिलं आणि ११ मे २००७ रोजी आग्र्यालाच निवृत्त झालं.

४. त्या विमानात बंदूक, बॉम्ब काहीच नव्हतं म्हणतात. खरं आहे का? मग वाचायचे कसे?

खरं आहे. पीआर-५७ नि:शस्त्र होतं आणि बहुतेक वेळा एकटं जायचं. सोबत लढाऊ विमानं दिली तर रडारवर घोळकाच दिसणार.

बचावाची साधनं म्हणजे उंची, वेळ आणि गप्प राहणं. उड्डाणानंतर रेडिओ बंद. सीमेपर्यंत जमिनीलगत जायचं म्हणजे रडारला सापडत नाही, आत गेल्यावर उंची घ्यायची. आल्या वाटेने परतायचं नाही. मागे पांढरी रेघ उमटायला लागली, तर ती थांबेपर्यंत उंची कमी-जास्त करायची, कारण ती रेघ खालून कोणालाही दिसते (रेघेबद्दल प्रश्न १४ बघा). एवढं करूनही नेमका फोटोच्या वेळी वैमानिकाचा हात बांधलेला असतो. कॅमेरे चालू असेपर्यंत विमान सरळ, समांतर आणि एकाच वेगाने न्यावं लागतं. खालून तोफा सुरू झाल्या तरी वळता येत नाही, वळलं तर फोटो वाकडा येतो. शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हल्ला येतो. माझ्या मते, हातात शस्त्र नसताना सरळ रेषेत उडत राहणं त्याच्या तोडीचं आहे.

५. १२ किलोमीटर उंचीवरून काय डोंबलं दिसणार? आमचं वावर तरी ओळखू येईल का?

येईल. कागद-पेन्सिल घ्या, दहावीचं गणित पुरतं.

हवाई फोटोचं प्रमाण म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर) भागिले उंची. टेहळणीच्या कॅमेऱ्यांना ३६ इंची, म्हणजे तीन फुटी नाभीय अंतराची भिंगं लावत. विमान ४० हजार फुटांवर आहे असं धरा. तीनला ४० हजारांनी भागलं की प्रमाण निघतं १ : १३,३३३. फिल्मवरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे साधारण १३३ मीटर.

आता तुमचं एक एकराचं चौकोनी वावर घ्या. त्याची बाजू साधारण ६४ मीटर. फिल्मवर ती पाच मिलिमीटरच्या थोडी आत येते. चारशे मीटर लांबीचा मामा (माजी मालगुजारी) तलाव तीन सेंटिमीटर भरतो, त्याची पाळ आणि सांडवा स्पष्ट दिसतो. बैलजोडीसकट पाच मीटरची बंडी (बैलगाडी) मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून जराशी मोठी. नुसत्या डोळ्याला तो ठिपका वाटतो. भिंगाखाली धरला की त्याच्या पुढच्या टोकाला दोन जनावरं आहेत, हे सरावलेला माणूस ओळखतो. बंडीच्या जागी रणगाडा किंवा तोफ ठेवा, म्हणजे या फोटोंची किंमत लक्षात येईल.

ओळखायला सर्वांत जास्त मदत सावलीची होते. वरून बघितलं तर पाण्याची टाकी आणि गोल ओटा सारखेच दिसतात. टाकीची सावली लांब पडते, खांबांसकट पडते. सावलीची लांबी आणि फोटोची वेळ माहीत असेल तर उंचीही काढता येते. म्हणून अशी उड्डाणं शक्यतो सकाळी किंवा दुपार कलल्यावर ठेवतात. नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी वरून फोटो काढला तर टाकी, झाड आणि ओटा सगळे गोल ठिपकेच दिसतील.

६. फोटो तर सपाट असतो. मग टेकडी आहे की खड्डा, हे कसं समजतं?

इथे मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं.

विमान पुढे जाताना कॅमेरा ठरावीक अंतराने फोटो घेत राहतो, आणि प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा साधारण ६० टक्के भाग पुन्हा येईल अशी ती वेळ बसवलेली असते. म्हणजे एकच जागा दोन फोटोंत, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दिसते. आपले दोन डोळेही एकच वस्तू थोड्या वेगळ्या जागांवरून बघतात आणि त्यावरून मेंदू खोली ओळखतो. हे दोन फोटो शेजारी ठेवून त्यांवर स्टिरिओस्कोप धरला की डावा डोळा एक फोटो बघतो, उजवा दुसरा. काही क्षण दोन्ही प्रतिमा एकमेकींवर सरकत राहतात. मग अचानक जुळतात आणि जमीन वर येते.

भूगोलाच्या एमएच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला खिशात मावणारा स्टिरिओस्कोप हाताळायला मिळायचा. तारेचे दुमडते पाय, वर दोन भिंगं, एवढंच ते यंत्र. तसलाच एक अभ्यासिकेत आहे. आमच्याच नाल्याचे ड्रोनने काढलेले दोन फोटो त्याखाली ठेवतो. आधी मुलं म्हणतात, काही दिसत नाही. फोटो एखादा मिलिमीटर सरकवला की काठावरचा पळस कागदातून उभा राहतो, नाल्याचा तळ खाली जातो, पांदण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांपेक्षा (बांधांपेक्षा) खोल आहे हे दिसतं. मुलं हात लावून बघतात, कागद सपाटच असतो. १०६ स्क्वाड्रनने आणलेले फोटो वाचणारी माणसं तासन्‌तास याच पद्धतीने बघत. छलावरणाची जाळी टाकलेली तोफ रंगाने लपते, उंचीने लपत नाही.

दोन खबरदाऱ्या. डावा-उजवा फोटो अदलाबदल झाला तर टेकडी खड्डा दिसते आणि नाला उंचवटा. आणि एकटा फोटो बघताना सावल्या आपल्याकडे पडतील असा धरावा. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सावली उत्तरेला पडते, त्यामुळे नकाशाच्या सवयीने उत्तर वर धरली की पुष्कळांना डोंगराची दरी झालेली दिसते. फोटो उलटा फिरवा, डोंगर जागेवर येतो.

७. जग मोहन नाथ यांना दोनदा महावीर चक्र मिळालं. त्यांनी नेमकं काय केलं?

महावीर चक्र हा परमवीर चक्राच्या खालोखालचा युद्धकाळातला शौर्य सन्मान. तो दोनदा मिळालेले देशात फक्त सहा जण आहेत. आपले जनरल अरुणकुमार वैद्य त्यांतले एक. हवाई दलात हा मान पहिल्यांदा मिळाला स्क्वाड्रन लीडर जग मोहन नाथ यांना. ते १०६ चे वैमानिक होते. (हवाई दलातले दुसरे पद्मनाभ गौतम. तेही कॅनबेराचेच, पण बॉम्बफेकी.)

पहिलं चक्र चीनच्या सीमेवरच्या कामासाठी. १९६२ चं युद्ध पेटण्याच्या आधीपासून नाथ अक्साई चीन आणि तिबेटवरून कॅनबेरा नेत होते. खाली हिमालय. इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा नाही. उडी मारली तर थंडी आणि परका मुलूख. चिनी सैन्याची ठाणी, रस्ते, साठे यांचे फोटो त्यांनी आणले.

दुसरं १९६५ चं. पाकिस्तानात आत जाऊन हवाई तळ आणि लष्करी ठिकाणांचे फोटो काढायचे होते, तेही भर दिवसा, कारण फोटोला उजेड लागतो. तोवर पाकिस्तानकडे आवाजाच्या दुप्पट वेगाची स्टारफायटर विमानं आली होती, त्यामुळे कॅनबेराची उंची आता पुरेशी ढाल राहिली नव्हती. तरी नाथ पुन्हा पुन्हा गेले आणि प्रत्येक वेळी फिल्म घेऊन परतले. पुढे विंग कमांडर होऊन ते सेवेतून बाहेर पडले. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात आहे. पाठ्यपुस्तकात ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

८. चिनी सैन्याचे फोटो हातात होते, तर १९६२ मध्ये आपली तशी अवस्था का झाली?

हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतो, आणि विचारायलाच हवा. फोटो काढणं आणि फोटोवरून निर्णय घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्क्वाड्रनने पहिलं काम केलं. समोर किती फौज आहे, ती कुठून येते, याची माहिती वर गेली. त्या युद्धात आपण मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं वापरली. लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानं मैदानात उतरवलीच नाहीत. चीन आपल्या शहरांवर बॉम्बफेक करील, ही त्या वेळच्या नेतृत्वाला भीती होती. नाथ यांनी नंतर मुलाखतींतून याबद्दल खंत बोलून दाखवली. त्यांच्या खंतीत मला तथ्य वाटतं: तिबेटच्या उंच पठारावरून, विरळ हवेत, जड बॉम्ब घेऊन उडणं त्या काळच्या चिनी विमानांना सोपं नव्हतं. पण हरण्याची कारणं बरीच होती. थंडीचे कपडे, रस्ते, दारूगोळा, सगळंच अपुरं होतं. सगळा दोष एका निर्णयावर टाकता येणार नाही.

९. १९७१ मध्ये या स्क्वाड्रनचे प्रमुख कोण होते? बेनेगल नाव ऐकलं, ते मराठी का?

विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल. आडनाव कर्नाटकच्या किनारपट्टीकडचं. बालपण ब्रह्मदेशात गेलं. कोवळ्या वयात ते आझाद हिंद फौजेत गेले. नेताजींनी प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलेल्या 'टोकियो कॅडेट' तरुणांत ते होते. स्वातंत्र्यानंतर ते भारतीय हवाई दलात आले. १९७१ मध्ये १०६ चे कमांडिंग ऑफिसर म्हणून त्यांनी जोरदार बंदोबस्त असलेल्या शत्रूच्या तळांवरून नि:शस्त्र उड्डाणं केली. त्यांनाही महावीर चक्र मिळालं. पुढे ते एअर कमोडोर झाले. प्रमुखाला जमिनीवर बसून आदेश देता आले असते. ते स्वतः गेले.

१०. यातलं एखादं विमान पाडलं गेलं का?

दोन घटना लक्षात ठेवा.

१० एप्रिल १९५९ रोजी टेहळणीवर गेलेलं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या सेबर विमानांनी रावळपिंडीजवळ पाडलं. सेनगुप्ता आणि रामपाल हे दोघे अधिकारी आसनासकट बाहेर पडून वाचले आणि नंतर भारतात परतले.

दुसरी कारगिलची. २१ मे १९९९ रोजी, हवाई दलाची 'सफेद सागर' मोहीम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, १०६ चं कॅनबेरा बटालिक भागात फोटो घेत होतं. डोंगरच उंच असल्यामुळे खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्रही विमानापर्यंत पोचलं आणि उजव्या इंजिनाला लागलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि नेव्हिगेटर झा यांनी एका इंजिनावर विमान श्रीनगरला आणून उतरवलं. विमान तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या घडणीचं होतं.

११. मिग-२५ पण याच स्क्वाड्रनचं होतं ना?

नाही. ते १०२ स्क्वाड्रन, 'ट्रायसॉनिक्स', ठाणं बरेली. १९८१ ते २००६. एकूण आठच विमानं, त्यांतली दोन प्रशिक्षणाची. आवाजाच्या पावणेतीन पट वेग आणि कॅनबेराच्या दीडपटीहून अधिक उंची. आपल्याकडे त्याला 'गरुड' म्हणत.

१२. असा वैमानिक पकडला गेला तर तो हेर ठरतो की युद्धकैदी?

युद्ध चालू असेल आणि तो गणवेशात असेल तर युद्धकैदी. हेर म्हणजे वेष बदलून, ओळख लपवून माहिती काढणारा. शांततेच्या काळात मात्र गुंता होतो. दुसऱ्या देशाच्या हवाई हद्दीत परवानगीशिवाय जाणं हा त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा भंग असतो आणि तिथल्या कायद्याने खटला चालू शकतो. अमेरिकेचं यू-२ विमान १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघात पाडलं गेलं, तेव्हा वैमानिक पॉवर्सवर हेरगिरीचाच खटला चालला. प्रश्न १० मधल्या १९५९ च्या घटनेतले दोघे त्या मानाने लवकर घरी आले.

१३. आपल्या बिरसीच्या धावपट्टीचा किंवा नागपूरच्या वायुसेनानगरचा या स्क्वाड्रनशी संबंध आहे का?

थेट नाही. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आता तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि प्रवासी विमानंही येतात. वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, म्हणजे दुरुस्ती-देखभालीचा कारभार. १०६ चं घर आग्राच.

१४. आमच्या वावरावरून रोज पांढरी रेघ सोडत विमान जातं. ते टेहळणीचं असतं का?

नाही, ते प्रवासी विमान. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हवाई मार्ग आपल्या डोक्यावरून जातात. इंजिनातून निघालेली वाफ वरच्या थंड हवेत गोठते, तीच रेघ. वर हवा कोरडी असेल तर लगेच विरते, दमट असेल तर बराच वेळ टिकते. रेघ लांबत गेली की पाऊस जवळ आला, हा आमच्याकडचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, कारण ती वरच्या हवेतला ओलावा दाखवते. त्यावर पेरणी मात्र ठरवू नका.

१५. उपग्रह असताना विमानाची गरज काय?

जमिनीचे फोटो घेणारा आपला टीईएस उपग्रह २००१ मध्ये अवकाशात गेला, तसलाच कार्टोसॅट-१ हा २००५ मध्ये. त्यानंतर कॅनबेरा आणि मिग-२५ दोन्ही लागोपाठ निवृत्त झाली, हा योगायोग नाही. तरी उपग्रह ठरल्या वेळी ठरल्या वाटेनेच येतो, आणि शत्रूलाही ती वेळ माहीत असते. ढग असले तर साधा कॅमेरा आंधळा होतो. विमान किंवा मानवरहित यान हवं तेव्हा, ढगाखालूनही पाठवता येतं.

१६. हे स्क्वाड्रन आज आहे का?

नाव आणि क्रमांक आहे, काम बदललं. आता ते आसाममधल्या तेजपूरला सुखोई-३० उडवतं. कॅनबेरा बघायचं असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जा. तिथलं बॉम्बफेकी प्रकारचं आहे, पण अंगकाठी तीच.

१७. काका, मला हेच काम करायचं आहे. काय करू?

अधिकारी व्हायचं तर बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर एएफसीएटी ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा. मुलींनाही आता एनडीएचं दार उघडं आहे. अग्निवीरवायूसाठी जाहिरात नीट वाचा, गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नका. उडायचं नसेल आणि फोटो वाचण्याची गोडी लागली असेल, तर नागपुरातच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. तिथे वरून घेतलेल्या प्रतिमांवरून जमीन, पाणी आणि पिकांचा अभ्यास होतो. प्रश्न ६ मधलं कौशल्य तिथेही तेच लागतं.

१८. ड्रोन घेऊन आम्हीच गावाची टेहळणी केली तर चालेल का?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग पाडले आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा बघायची. विदर्भात पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, भंडारा, भद्रावती आणि अंबाझरीला आयुध निर्माण्या आहेत. त्यांच्या आसपास ड्रोन काढूच नका, लग्नाच्या शूटिंगसाठीही नाही.

१९. धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडण आहे. हवाई दलाने काढलेला जुना फोटो मिळाला तर पुरावा होईल का?

नकाशांसाठी देशात जे हवाई फोटो घेतले गेले, त्यात हवाई दलाचाही वाटा होता. ते फोटो भारतीय सर्वेक्षण विभागामार्फत सांभाळले जातात आणि बराच काळ संरक्षण खात्याच्या तपासणीशिवाय बाहेर जात नसत. मिळाला तरी त्यावरून त्या वर्षी धुरा कुठे दिसत होता एवढंच सांगता येईल. मालकी सांगता येणार नाही. शिवाय फोटोच्या कडेला वस्तू बाहेर झुकलेल्या दिसतात, त्यामुळे पट्टी लावून मोजलेलं अंतर चुकतं. स्वामित्व योजनेत ड्रोनने झालेली मोजणी गावठाणातल्या घरांची आहे, वावराची नाही. वावरासाठी सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, आणि मोजणीच्या दिवसाची नोटीस शेजाऱ्याला पोचली आहे ना, याची आधी खात्री करून घ्या.